चार डिस्कच्या घरगुती सर्व्हरसाठी मदरबोर्ड कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ घर आहे. घरातल्या सगळ्यांचे फोटो, चार सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि टीव्हीवर सिनेमे बघायला जेलीफिन हे सॉफ्टवेअर, एवढं एकाच मशीनवर चालवायचं आहे. साडेतीन इंची चार हार्ड डिस्क, लिनक्स, मशीन चोवीस तास चालू. लाइट अधूनमधून जाते. मदरबोर्ड आणि प्रोसेसर मिळून बजेट वीस हजार. दुकानदार गेमिंगचा बोर्ड घ्या म्हणतोय, तो घ्यावा का?

नको. तुमच्या कामाला एच६१० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डाची मुख्य चिप), डीडीआर४ रॅम घेणारा मायक्रो एटीएक्स बोर्ड आणि इंटेलचा आय३-१२१०० प्रोसेसर पुरेसा आहे. नावंच हवी असतील तर गिगाबाइटचा एच६१०एम एस२एच डीडीआर४, एमएसआयचा प्रो एच६१०एम-ई डीडीआर४ किंवा आसुसचा प्राइम एच६१०एम-के डी४. तिन्हींत मला फारसा फरक दिसत नाही. जो सीलपॅक मिळेल, ज्याचं सर्व्हिस सेंटर तुम्हाला गाठता येईल, तो घ्या. असे बोर्ड साधारण सहा ते आठ हजारांच्या आसपास असतात आणि प्रोसेसर धरून वीस हजारांच्या आत बसतं. दर सतत हलतात, त्यामुळे घ्यायच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारा.

गेमिंगच्या बोर्डाचे जादा पैसे जातात ते ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा वेगाने पळवण्यासाठी, लागणाऱ्या जाड व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणारा भाग), वायफायवर, भारी साउंड चिपवर आणि रंगीत दिव्यांवर. सर्व्हरला यातलं काहीच लागत नाही. उलट बोर्डावर जितक्या जास्त चिप, तितके ड्रायव्हर जास्त आणि रिकामं बसलेलं असतानाचा वीजवापरही जास्त. आय३-१२१००ची बेस पॉवर ६० वॉट आहे. व्हीआरएमवर हीटसिंक नसलेला स्वस्त बोर्डही तेवढं आरामात पेलतो. त्याच बोर्डावर पुढे १२५ वॉटचा ‘के’ प्रोसेसर मात्र बसवू नका. व्हीआरएम तापलं की बोर्ड प्रोसेसरचा वेग कमी करतो, आणि उन्हाळ्यात कॅबिनेटमधली हवाच गरम असते तेव्हा हे हमखास होतं.

प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ नको. आय३-१२१००एफ थोडा स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. साध्या १२१००मध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे. त्यातल्या क्विक सिंकमुळे (व्हिडिओचं रूपांतर करणारा भाग) जेलीफिन दहा बिटचा एचईव्हीसी प्रकारचा व्हिडिओ टीव्हीला झेपेल तसा बदलून देतं आणि प्रोसेसरवर फारसा भार येत नाही. कॅमेऱ्यांचं चित्र डीकोड करायलाही तेच वापरता येतं. शिवाय बायोसमध्ये (बोर्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर) काही बिघडलं तर मॉनिटर लावायला वेगळं कार्ड शोधत बसावं लागत नाही.

बारावी पिढीच का, तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय५ का नाही? त्या पिढ्यांतल्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे चिप हळूहळू अस्थिर होण्याचा दोष निघाला होता आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट काढले. आधीच झालेलं नुकसान अपडेटने भरून येत नाही, म्हणून असा प्रोसेसर सेकंडहँड घेऊ नये. बाराव्या पिढीत तो दोष नाही. शिवाय एच६१०वर बारावी पिढी पहिल्याच बायोसपासून चालते. पुढच्या पिढ्यांना जुन्या स्टॉकच्या बोर्डावर आधी बायोस अपडेट लागतो आणि त्यासाठी दुकानात बारावीचा प्रोसेसर हाताशी असावा लागतो.

आता खरा मुद्दा, साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा. चार डिस्क आहेत म्हणून चार पोर्ट बघितले आणि झालं, असं नसतं. ते चारही पोर्ट थेट चिपसेटमधून आलेले हवेत. एच६१०चे चार तसेच असतात. काही बोर्डांवर ‘सहा साटा’ लिहिलेलं असतं, पण त्यातले दोन वेगळ्या एएसमीडियाच्या चिपवर असतात. त्या चिपमध्ये वाईट काही नाही, फक्त रेडमधल्या (अनेक डिस्क मिळून एक साठा करण्याची पद्धत) दोन डिस्क एका कंट्रोलरवर आणि दोन दुसऱ्यावर, असा गोंधळ नको.

दुसरी गोष्ट एम.२ स्लॉटची, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बोर्डावरच बसवायच्या खाचेची. ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला तिथे एसएसडी लागेल. एम.२ मध्ये दोन प्रकारच्या एसएसडी बसतात, एनव्हीएमई आणि साटा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ मध्ये साटा एसएसडी बसवली की चारपैकी एक साटा पोर्ट बंद होतो. मग चौथी डिस्क बायोसमध्ये दिसतच नाही आणि माणूस केबल बदलत बसतो. हे मॅन्युअलमध्ये स्टोरेजच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात दिलेलं असतं. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं. पैसे देण्याआधी ते एकच पान वाचा. एनव्हीएमई एसएसडी घेतली की सहसा हा प्रश्न येत नाही. एच६१०वरचा एम.२ स्लॉट पीसीआयई ३.० वेगाचा असतो, म्हणून महागडी ४.० किंवा ५.०ची एसएसडी घेऊ नका, २५६ जीबीची साधी पुरते.

पुढे डिस्क वाढल्या तर? ग्राफिक्सचा मोठा स्लॉट रिकामाच आहे. त्यात एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टचं कार्ड बसवा. जेएमबी५८५चं पाच पोर्टचं कार्डही चालतं, पण ते बसवल्यावर प्रोसेसर खोल झोपेत जात नाही, म्हणून वीज जास्त जाते. एकाच चिपवर पोर्ट मल्टिप्लायर लावून दहा-बारा पोर्ट काढलेली स्वस्त कार्डं मिळतात, ती अजिबात नकोत. एक डिस्क अडखळली की तिच्या मागच्या सगळ्या डिस्क एकदम गायब होतात आणि रेड तुटते. जुन्या सर्व्हरमधून निघालेलं एलएसआयचं एचबीए (डिस्क जोडायचं) कार्ड, आयटी मोडचं, म्हणजे डिस्क जशाच्या तशा दाखवणारं फर्मवेअर असलेलं, विश्वासाचं असतं. पण ते एकटं आठ-दहा वॉट खातं आणि त्याच्या हीटसिंकवर पंख्याची हवा लागते. आणि हो, याच मोठ्या स्लॉटमध्ये चार एनव्हीएमई बसणारं स्वस्त कार्ड लावलं तर फक्त पहिली एसएसडी दिसते, कारण एच६१० आणि बी७६०वर हा स्लॉट चार भागांत वाटता येत नाही.

बोर्डाची स्वतःची रेड वापरू नका. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआयवर ठेवा आणि रेड लिनक्सवरच्या एमडीएडीएम किंवा झेडएफएस या सॉफ्टवेअरने करा. मग बोर्ड जळाला तरी त्याच डिस्क कुठल्याही दुसऱ्या बोर्डाला लावून डेटा उघडता येतो. माझ्या मते स्वस्त बोर्ड निर्धास्तपणे घेता येतो तो याच एका सवयीमुळे.

लॅनबद्दल लोक उगाच घाबरतात. या बोर्डांवर रिअलटेकची एक गिगाबिटची चिप असते. लिनक्सच्या कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर मुळातच आहे आणि वर्षानुवर्षं ती नीट चालते. रिअलटेकशी पटत नाही ते फ्रीबीएसडीवर (लिनक्ससारखी वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम) चालणाऱ्या प्रणालींचं, म्हणजे ट्रूनॅस कोअर, पीएफसेन्स यांचं. ते चालवणार असाल तरच इंटेलची लॅन शोधा. तीही डोळे झाकून नको, इंटेलच्या २.५ गिगाबिटच्या आय२२५-व्ही चिपच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत कनेक्शन तुटण्याचा दोष होता. तुमचा राउटर एक गिगाबिटचा असेल तर २.५ला जादा पैसे मोजू नका.

रॅम डीडीआर४ ठेवायचं कारण पैसे. रॅमचे भाव सध्या चढे आहेत आणि जुन्या मशीनमधली डीडीआर४ हाताशी असली तर तेवढा खर्च वाचतो. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या तुमच्या कामाला पुरतात. झेडएफएस आणि दोन-तीन व्हर्च्युअल मशीन करायच्या असतील तर सोळा-सोळाच्या. एच६१०ला स्लॉट दोनच असतात, त्यामुळे सुरुवातीला काय घेता ते विचार करून ठरवा. एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवणारा बायोसमधला पर्याय) बंद ठेवा. तो ओव्हरक्लॉकच आहे आणि सर्व्हरला त्याचा काडीचा फायदा नाही.

ईसीसी रॅम, म्हणजे स्वतःच्या चुका पकडून सुधारणारी, हवी असेल तर एच६१० सोडा. इंटेलच्या या पिढीत ईसीसीसाठी डब्ल्यू६८० चिपसेट लागतो आणि तो तुमच्या बजेटच्या फार वर जातो. परवडणारा रस्ता एएमडीच्या एएम४चा: ‘जी’ नसलेला रायझन आणि ज्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये ईसीसी यूडिआयएमएम (साध्या पीसीत बसणारी ईसीसी पट्टी) स्पष्ट लिहिलंय असा बी५५० बोर्ड. ५६००जीसारख्या ग्राफिक्सवाल्या रायझनमध्ये ‘प्रो’ असल्याशिवाय ईसीसी चालत नाही. आणि ‘जी’ नसलेल्यात ग्राफिक्स नाही, म्हणजे आणखी एक कार्ड. सर्व्हरमधून निघालेली स्वस्त आरडिआयएमएम ईसीसी रॅम या बोर्डांवर चालतच नाही, स्क्रीनही येत नाही. ती कुणी ‘ईसीसी आहे’ म्हणून गळ्यात मारली तर घेऊ नका. डीडीआर५च्या जाहिरातीतली ‘ऑन-डाय ईसीसी’ ही चिपच्या आतल्या चुकांपुरती असते. प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरची चूक ती पकडत नाही.

एएमडी घेतलंच आणि मशीन काही काम नसताना रात्री गोठायला लागलं, तर बोर्ड बदलण्याआधी बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधून ते ‘टिपिकल करंट आयडल’वर करा. जुन्या रायझनवर हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो.

एन१०० प्रोसेसर बोर्डावरच असलेले छोटे बोर्ड फार मोहात पाडतात, कारण तो प्रोसेसर सहा वॉटचा आहे. पण नामांकित कंपन्यांच्या एन१०० बोर्डांवर साटा पोर्ट एक किंवा दोनच असतात. दोन डिस्कच्या सर्व्हरला मी तोच सांगेन, चार डिस्कला नाही. चार-सहा साटावाले बिननावाचे एन१०० बोर्ड ऑनलाइन मिळतात, पण त्यांचा बायोस अपडेट कुठून आणायचा आणि वॉरंटीसाठी कुणाकडे जायचं, हे आधी ठरवा.

आणि ज्याच्यापासून लांबच राहावं तो म्हणजे नवा म्हणून विकला जाणारा एच६१ किंवा एच८१ बोर्ड. दोन-अडीच हजारांत मिळतो, खोका नवा असतो, पण चिपसेट दहा वर्षांहून जुना. एच६१चे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे, एम.२ नाही, बायोस अपडेट नाही. एक्स९९ नावाचे चिनी बोर्ड आणि जुने झिऑन (इंटेलचे सर्व्हरचे प्रोसेसर) यांचंही तसंच. कोअर भरपूर मिळतात, पण वीज आणि उष्णता दोन्ही घराला परवडत नाहीत.

विजेचा हिशोब एकदा करूनच टाका. १२१०० आणि एच६१० डिस्कशिवाय रिकामे बसलेले असताना साधारण पंधरा-वीस वॉट घेतात. फिरणारी साडेतीन इंची डिस्क प्रत्येकी चार ते सहा वॉट. म्हणजे सगळं मिळून चाळीस वॉट धरा: चाळीस गुणिले चोवीस गुणिले तीस, महिन्याला २८.८ युनिट. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये पडत असतील तर २८८ रुपये. जुन्या झिऑनचं मशीन शंभर वॉटवर बसलं की तेच ७२ युनिट आणि ७२० रुपये. तुमच्या महावितरणच्या बिलातला वरच्या स्लॅबचा दर घालून बघा, कारण ही युनिटं बाकीच्या वापराच्या वर चढतात.

दुकानात, मग ते कॅनडा कॉर्नरला असो की एम. जी. रोडला, पैसे देण्याआधी खोका काउंटरवरच उघडा. सॉकेटवरची काळी प्लास्टिकची टोपी अलगद काढा आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरून पिना बघा. या सॉकेटमध्ये १७०० पिना आहेत. उजेड तिरका पडला की सगळ्यांची टोकं एकाच रेषेत चमकतात आणि वाकलेली एखादी लगेच वेगळी दिसते. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही, आणि घरी गेल्यावर ती कुणी वाकवली हे सिद्ध करता येत नाही. ती टोपी जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना सॉकेटवर ती लागते. बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला रिव्हिजन नंबरही टिपून घ्या. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनमध्ये भाग वेगळे असतात आणि बायोसची फाइलही वेगळी असते. पक्कं जीएसटी बिल, त्यावर सिरियल नंबर. याशिवाय तीन वर्षांच्या वॉरंटीला अर्थ नाही.

घरी आल्यावर बायोसमध्ये थोडंच करायचं आहे. आधी बायोस अपडेट करा, तेही यूपीएसवर असताना. मग ‘रिस्टोर एसी पॉवर लॉस’ हे सेटिंग ‘पॉवर ऑन’ किंवा ‘ऑलवेज ऑन’वर करा; गिगाबाइटमध्ये त्याला ‘एसी बॅक’ म्हणतात. याने लाइट आल्यावर मशीन आपोआप चालू होतं. लॅनवरून मशीन उठवायचं असेल तर ‘ईआरपी’ (मशीन बंद असतानाची वीजबचत) बंद ठेवा. सी-स्टेट (काम नसताना प्रोसेसरची झोप) चालू, साउंड बंद. एवढंच. काही वर्षांनी लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू होईनासं झालं आणि तारीखही मागे गेली, तर बोर्ड बिघडलेला नाही, सीआर२०३२चा सेल संपलाय. तो संपला की लाइट जाताच सगळी सेटिंग मूळपदावर येतात.

बोर्ड अस्थिर आहे म्हणून जे सांगितलं जातं, त्यात बोर्डाचा दोष थोड्याच वेळा निघतो. बहुतेकदा खाली विजेचंच काहीतरी असतं. म्हणून बोर्डावर वाचलेले पैसे एसएमपीएसवर (मशीनला वीज देणारा डबा) घाला. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते तेव्हा १२ व्होल्टवर दोन अँपियरपर्यंत ओढते. चार डिस्क एकदम उठल्या की आठ अँपियर, म्हणजे ९६ वॉटचा झटका. नामांकित कंपनीचा ४५० वॉटचा ब्रॉन्झ एसएमपीएस हे सहज पेलतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेला ‘४५० वॉट’ लिहिलेला डबा पेलत नाही, आणि मग सुरू होताना एखादी डिस्क दिसत नाही. डिस्कना वीज एसएमपीएसच्या स्वतःच्या साटा केबलने द्या. मोलेक्सवरून साटा करणारे एकसंध ओतीव प्लास्टिकचे कनेक्टर आतून शॉर्ट होऊन जळतात, ते टाळा.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो, पण यूएसबी पोर्टवाला घ्या. लिनक्सवर नट नावाचं सॉफ्टवेअर त्या केबलवरून बॅटरी किती उरली ते वाचतं आणि मशीन नीट बंद करतं. घरच्या इन्व्हर्टरवरच चालवायचं असेल तर त्याचा मोड ‘यूपीएस’वर ठेवा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला वेळ लागतो, एसएमपीएस जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, आणि मशीन रिस्टार्ट होतं.

अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थिंगमध्ये २३०च्या आसपास आणि न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्ड म्हणजे नुसता एक्स्टेंशन बोर्ड.

आणि कॅमेऱ्यांची वायर. वळवाच्या दिवसांत, मे-जूनमध्ये, विजांचा कडकडाट झाला की गच्चीवरून किंवा गेटवरून आलेल्या लॅन केबलमधून झटका थेट आत येतो. बोर्डाचा लॅन पोर्ट जातो, कधी पूर्ण बोर्ड. बाहेरून आलेली कुठलीही केबल सर्व्हरला सरळ लावू नका. मध्ये पीओई स्विच (लॅन केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) ठेवा, म्हणजे जळलाच तर स्विच जळेल. स्विचपासून सर्व्हरपर्यंत दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅन आणि फायबर जोडणारे डबे) आणि फायबरचा तुकडा टाकला तर आणखी उत्तम, कारण काचेतून वीज जात नाही.

डेटा टाकायच्या आधी दोन-तीन दिवस मशीन तपासणीला द्या. रात्रभर मेमटेस्ट८६+, किमान चार फेऱ्या; एक जरी एरर आली तरी रॅम परत. मग स्ट्रेस-एनजीवर काही तास प्रोसेसर पूर्ण भारात ठेवा आणि सोबत चारही डिस्क पूर्ण वाचून काढा. डिस्कच्या स्मार्ट माहितीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९९ नंबरची ओळ, सीआरसी एरर काउंट, आधी आणि नंतर बघा. आकडा वाढला तर डिस्क नव्हे, साटा केबल किंवा पोर्ट खराब आहे. कर्नलच्या लॉगमध्ये मशीन चेकची (प्रोसेसरने नोंदवलेल्या हार्डवेअरच्या चुकीची) एक ओळ जरी दिसली तरी तिच्याकडे काणाडोळा करू नका. पीसीआयईच्या ‘करेक्टेड’ एररचा पूर आला असेल तर एएसपीएम (पीसीआयईची वीजबचत) बंद करून बघा. शेवटी यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा आणि मशीन स्वतः नीट बंद होतंय का, प्लग लावल्यावर स्वतः उठतंय का आणि चारही डिस्क परत दिसताहेत का, ते पाहा. हे तीन-चारदा लागोपाठ करा. ऑनलाइन घेतला असेल तर परत करायच्या मुदतीच्या आत हे सगळं उरका.